अपिलाची मुदत आणि उशिराची सबब

गुळाचा सौदा असो की कापडाची उधारी, तारखेच्या बाबतीत आपला व्यापारी सहसा बेसावध नसतो. अडत्याकडून पैसे कधी यायचे, बँकेचा हप्ता कोणत्या दिवशी, जीएसटीचे विवरण कधी भरायचे, चेक किती दिवसांत वटवायचा, हे त्याला वही न उघडता सांगता येते. पण हाच मनुष्य दिवाणी कोर्टात दावा हरला की निकालाचे कागद वकिलांच्या कपाटात ठेवून घरी येतो आणि म्हणतो, "अपील करायचे आहे, बघू सवडीने." ही सवड कायद्याने त्याला दिलेली नसते. दोन-चार महिन्यांनी दुकानाच्या दारात बेलिफ उभा राहिला की मग धावाधाव सुरू होते. तोवर अपिलाची मुदत गेलेली असते आणि खटल्यातील मूळ प्रश्न बाजूला पडून 'उशीर का झाला' हाच नवा खटला उभा राहतो. खरी बाजू असूनही केवळ या एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही म्हणून दुकाने आणि जागा गमावलेली माणसे आपल्या बाजारपेठेतही आहेत. यास्तव या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे आम्हास आवश्यक वाटते.

मुदत किती आणि कोणाकडे

मुदतीचा कायदा 1963 सालचा आहे. त्याच्या परिशिष्टातील 116 व्या नोंदीप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध हायकोर्टात अपील करायचे असेल तर 90 दिवस आणि इतर कोर्टात, म्हणजे आपल्याकडे जिल्हा न्यायालयात, करायचे असेल तर 30 दिवस मिळतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अर्जालाही 30 दिवसच आहेत. मात्र समन्स रीतसर लागू झाले नसेल तर हे 30 दिवस हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून धरतात.

दुकानाच्या भाडेकरूंनी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 34 खाली ताबा सोडण्याच्या हुकूमनाम्यावर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करावे लागते. त्या अपिलाच्या निकालावर दुसरे अपील नाही. पुढे फक्त रिव्हिजन किंवा रिटची अरुंद वाट उरते. म्हणून भाडेकरूचे पहिले अपील हे व्यवहारात शेवटचेच समजावे. पतसंस्था किंवा सहकारी बँकेचा वाद सहकार न्यायालयात चालला असेल तर सहकार अपील न्यायालयात जाण्यासाठी दोन महिने असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "समोरच्या पार्टीशी आपले बोलणे झाले आहे, मुदतीची हरकत ते घेणार नाहीत," असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. त्याचा काही उपयोग नाही. कायद्याच्या कलम 3 प्रमाणे समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतीबाहेरचे अपील कोर्टाने आपण होऊन फेटाळायचे असते. मुदत ही दोन पक्षकारांनी आपसांत वाढवून घेण्याची गोष्ट नव्हे.

दिवस कसे मोजायचे

समजा, शाहूपुरीतील एका व्यापाऱ्याविरुद्ध 2 जानेवारीला हुकूमनामा झाला आणि त्याला जिल्हा न्यायालयात अपील करायचे आहे. निकालाचा दिवस धरायचा नसतो, म्हणून 3 जानेवारी हा पहिला दिवस आणि 1 फेब्रुवारी हा तिसावा. आता या व्यापाऱ्याने 12 जानेवारीला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल 27 जानेवारीला तयार झाली. अर्जाचा आणि नक्कल तयार झाल्याचा दिवस धरून हे 16 दिवस होतात. कलम 12 प्रमाणे ते वजा मिळतात आणि मुदत 17 फेब्रुवारीपर्यंत जाते. पण नक्कल 27 तारखेला तयार असून ती 10 फेब्रुवारीला जाऊन घेतली, तर मधले दिवस त्याच्याच पदरी पडतात. कोर्टाला नक्कल करायला लागलेला वेळ वजा होतो, पक्षकाराला ती आणायला लागलेला वेळ होत नाही. नकलेच्या कागदावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखा शिक्क्यासह असतात. अपिलाचे दिवस मोजताना आधी तेथेच बोट जाते.

नकलेचा अर्ज मुदत संपल्यावर दिला तर त्याचा काहीच फायदा मिळत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, हुकूमनामा कागदावर तयार व्हायला कोर्टात वेळ लागला आणि त्या काळात आपण नकलेचा अर्जच केला नाही, तर तो वेळही वजा मिळत नाही. बाजारातील जुनी माणसे अजून सांगतात की हुकूमनाम्याची नक्कल हाती आल्याशिवाय अपील करता येत नाही. पूर्वी ते खरे होते. जुलै 2002 पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 मध्ये बदल झाला असून अपिलासोबत न्यायनिर्णयाची नक्कल पुरते. म्हणून निकाल ऐकला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकणे उत्तम. त्याचा खर्च दुकानातल्या दिवसभराच्या चहापेक्षा फारसा अधिक नसतो.

शेवटचा दिवस रविवारी किंवा कोर्टाच्या सुटीत आला तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी अपील दाखल करता येते. दुसऱ्या दिवशी नाही.

उशीर माफ होईपर्यंत तहकुबी नाही

मुदत गेलीच तर कलम 5 चा आधार आहे. 'पुरेसे कारण' दाखवले तर कोर्ट उशीर माफ करू शकते. त्यासाठी अपिलासोबतच प्रतिज्ञापत्रासह विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो. त्याची नोटीस समोरच्या पक्षकाराला निघते, त्याचे म्हणणे येते, मग सुनावणी होते. या अर्जाला किरकोळ अर्ज म्हणतात, परंतु त्याचे चालणे किरकोळ नसते. कधी कधी या एका अर्जातच कित्येक महिने जातात.

व्यापाऱ्याला खरा फटका बसतो तो याच काळात. अपील दाखल केले म्हणजे खालच्या कोर्टाचा हुकूम थांबला, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. अपील दाखल झाले तरी कोर्टाने वेगळा तहकुबी हुकूम दिल्याशिवाय वसुली किंवा ताबा थांबत नाही. त्यातही अपील मुदतीबाहेरचे असेल, तर आदेश 41 नियम 3अ प्रमाणे उशिराचा प्रश्न निकाली निघून कोर्टाने अपील ऐकायचे ठरवल्याशिवाय तहकुबी हुकूम देताच येत नाही. म्हणजे वेळेत आलेला मनुष्य पहिल्या आठवड्यात तहकुबी मागू शकतो, उशिरा आलेल्याचे दुकान मात्र विलंब माफीचा अर्ज चालू असतानाच हातचे जाऊ शकते. ताबा गेल्यावर दोन वर्षांनी उशीर माफ झाला, तर त्या दुकानाची गिऱ्हाइकी कोण परत आणून देणार?

पैशाच्या दाव्यात व्याजाचा हिशेबही करून पाहावा. 8 लाखांचा हुकूमनामा आणि सालाना 9 टक्के व्याज धरले तर वर्षाला 72 हजार रुपये चढतात. उशीर करून वेळ मिळाला असे ज्याला वाटते, त्याने हा आकडा आपल्या नफ्याच्या आकड्याशेजारी मांडावा. शिवाय पैशाच्या हुकूमनाम्यात तहकुबी मागितली की कोर्ट बहुधा रक्कम भरायला किंवा जामीन द्यायला सांगते. ती तयारी मुदतीच्या आतच करावी लागते.

चार दिवस आणि पावणेपाच वर्षे

'किती दिवसांचा उशीर माफ होतो?' हा प्रश्न आम्हास नेहमी विचारला जातो. प्रश्नच चुकीचा आहे. सुप्रीम कोर्टाचे निकाल पाहिले तर दिवसांच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, असे दिसते.

1987 चा कातिजी खटल्याचा निकाल वकील मंडळी फार वापरतात. अनंतनागच्या कलेक्टरचे अपील चार दिवस उशिरा आले म्हणून हायकोर्टाने फेटाळले होते. सुप्रीम कोर्टाने उशीर माफ केला आणि सांगितले की उशीर करून पक्षकाराचा सहसा फायदा होत नसतो, तेव्हा प्रत्येक दिवसाचा हिशेब मागताना तारतम्य ठेवावे. 1998 च्या एन. बालकृष्णन निकालात तर 883 दिवसांचा उशीर माफ झाला. त्या पक्षकाराने आपल्या वकिलाविरुद्ध ग्राहक मंचाकडे दाद मागून भरपाईचा हुकूम मिळवला होता. वकिलाने आपल्याला अंधारात ठेवले, हे केवळ तोंडाने न सांगता त्याने कागदाने दाखवले. कोर्टाने म्हटले की दिवस किती हे महत्त्वाचे नाही, खुलासा पटण्यासारखा आहे की नाही हे महत्त्वाचे.

आपल्या महाराष्ट्रातलीच दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहू. एका कुटुंबातील वाटपाच्या दाव्यात 2008 साली एकतर्फी हुकूमनामा झाला. प्रतिवादींनी तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज केला, तो अर्ज वर्षानुवर्षे चालला आणि फेटाळला गेला. मग त्यांनी अपील केले, तेव्हा उशीर चार वर्षे दहा महिन्यांवर गेला होता. मुंबई हायकोर्टाने तो माफ केला नाही. 2019 साली सुप्रीम कोर्टाने मात्र माफ केला. कारण ही माणसे घरी बसली नव्हती. ज्या दारावर थाप मारायचा त्यांना अधिकार होता, त्या दारावर ती उभी होती, आणि तो सगळा काळ कोर्टाच्या रोजनाम्यातून सिद्ध होत होता.

दुसरे प्रकरण महाराष्ट्र शासनाच्या जलसंपदा खात्याचे, बोर्से ब्रदर्स या ठेकेदार कंपनीविरुद्धचे. लवाद निवाड्याच्या वादातले ते अपील. मुदत 60 दिवसांची, आणि त्यावर 131 दिवसांचा उशीर. कारण काय, तर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली. हायकोर्टाने उशीर माफ केला नाही आणि मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केले. पावणेपाच वर्षे माफ झाली, 131 दिवस झाले नाहीत. दिवसांचा आकडा विचारणाऱ्यांनी ही दोन प्रकरणे पुन्हा एकदा वाचावीत.

सरकारला तरी सवलत मिळते, आपण कोण, असेही कोणी म्हणेल. एके काळी त्यात तथ्य होते. 2012 साली पोस्ट खात्याचा 427 दिवसांचा उशीर सुप्रीम कोर्टाने नाकारला, त्यानंतर वारा बदलला. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटक गृहनिर्माण मंडळाचा 3966 दिवसांचा उशीर हायकोर्टाने माफ केला होता, तो सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला. ज्याच्या पदरी वकिलांची फौज आहे त्याला जर ही वागणूक, तर आपण अधिक सावध राहावे हे ओघानेच आले.

पुण्यातील लष्करी भाडेकरूचा धडा

अपील दाखल केले म्हणजे काम संपले, असेही नाही. पुण्यात स्टॉन्टन रस्त्यावरील एक जागा 1951 साली भारत सरकारला भाडेपट्ट्याने दिली गेली. मालकाने 1981 साली ताब्यासाठी दावा लावला. सरकार खाली हरले, अपिलातही हरले आणि 1993 साली हायकोर्टात रिट घेऊन गेले. ते रिट तेरा वर्षे पडून राहिले आणि ऑक्टोबर 2006 मध्ये पुकारा झाला तेव्हा सरकारतर्फे कोणी हजर नव्हते. अर्ज गैरहजेरीबद्दल निकाली निघाला. तो पुन्हा बोर्डावर घ्यावा असा अर्ज सरकारने केला तो 12 वर्षे 158 दिवसांच्या उशिराने. हायकोर्टाने नाही म्हटले आणि एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही नाहीच म्हटले. चाळीस वर्षांहून अधिक काळ हातात हुकूमनामा येऊनही ज्याला जागा मिळत नाही, त्या मालकाकडेही पाहिले पाहिजे, असा त्या निकालाचा रोख आहे.

आम्हाला या प्रकरणात महत्त्वाची वाटते ती तेरा वर्षांची मधली शांतता. आपल्याकडील कितीतरी अपिले अशीच झोपलेली आहेत. 'दाखल झाले आहे, लागेल तेव्हा लागेल' असे म्हणत पक्षकार वकिलांच्या कार्यालयाची पायरी चढत नाही, पत्ता बदलतो, मोबाईल बदलतो, आणि अपील सुनावणीला निघते तेव्हा त्याला शोधायचे कोठे हा प्रश्न पडतो. अपील गैरहजेरीत निकाली निघाले तर ते पुन्हा दाखल करून घेण्याच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत आहे.

वकिलावर ढकलता येते काय

'वकिलांनी कळवले नाही' ही सबब सर्वात जास्त सांगितली जाते. 1981 च्या रफिक निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटले होते की खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी दिली, कागद दिले, त्यानंतर वकील हायकोर्टात हजर राहतो की नाही हे पाहायला त्याने पहारेकरी होण्याची गरज नाही. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये.

पण तो काळ पत्राचा होता. आज दाव्याचा नंबर टाकला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख, रोजनामा आणि निकाल घरबसल्या दिसतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात स्पष्ट केले की सगळा दोष वकिलावर टाकून पक्षकार आपली जबाबदारी झटकू शकत नाही, आपल्या दाव्याकडे लक्ष ठेवणे त्याचेही काम आहे. म्हणून दाव्याचा सीएनआर क्रमांक दुकानाच्या डायरीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि मुलांपैकी ज्याला मोबाईलचे चांगले कळते त्याच्याकडे ते काम द्यावे. वकिलांनाही निकालाच्या दिवशी चार ओळी लेखी किंवा व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात: अपील करायचे आहे, नकलेचा अर्ज आज टाकावा. वकील चांगले असोत वा कसे, हा निरोप उद्या आपला पुरावा होतो.

कोणती कारणे टिकतात

आजारपण हे कारण टिकते, पण 'मी आजारी होतो' एवढ्याने नाही. दवाखान्यात दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असलेले कार्ड, तपासण्यांचे कागद हवेत. मागाहून आणलेले एका ओळीचे दाखले कोर्ट ओळखते. शिवाय आजार संपल्यापासून अपील दाखल होईपर्यंत काय केले, हेही सांगावे लागते. रेवा कोलफील्ड्सच्या 1961 च्या निकालापासून हा विचार चालत आला आहे की मुदतीचा शेवटचा दिवस आणि दाखल करण्याचा दिवस यांमधील काळाचा खुलासा हवा. बहुतेक अर्ज पडतात ते या शेवटच्या तुकड्यात. तीन महिन्यांच्या आजाराचे सर्व कागद असतात आणि त्यापुढील पाच महिन्यांबद्दल एक ओळही नसते.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा भागात ज्यांच्या दुकानात पाणी शिरले त्यांच्याकडे पंचनामे आहेत. असा पंचनामा जोडला तर कोर्टाला पटवावे लागत नाही. आखाती देशात नोकरीवर किंवा हजला असलेल्या माणसाला पासपोर्टवरील नोंदी दाखवता येतात, पण निघण्यापूर्वी भावाला किंवा मुलाला मुखत्यारपत्र का दिले नाही, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. कोरोनाच्या काळापुरता मात्र कोणालाच खुलासा द्यावा लागला नाही. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सुप्रीम कोर्टाने सरसकट मुदतीतून वगळला होता. तशी सवलत पुन्हा मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

व्यापाऱ्यांची आवडती सबब वेगळी आहे: 'तडजोडीची बोलणी चालू होती.' ही सबब फारशी टिकत नाही, कारण ती बहुधा कोणाच्या तरी दुकानात चहावर झालेली असतात आणि समोरचा नंतर 'अशी बोलणीच झाली नाहीत' म्हणतो. तडजोड करू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अपील दाखल करून मग खुशाल बोलणी करावीत. अपील मागे घेता येते, गेलेली मुदत मागे घेता येत नाही. उलट अपील मुदतीत दाखल असेल तर समोरचा बोलणीही जरा नरमाईने करतो, हा बाजारातला अनुभव आहे.

व्यापारी दाव्यात दोर अधिक आखूड

व्यापारी न्यायालय कायदा 2015 सालचा आहे आणि 2018 च्या दुरुस्तीपासून 3 लाख किंवा त्याहून अधिक रकमेचे व्यापारी वाद त्यात मोडतात. म्हणजे मोठ्या कंपन्यांचाच हा कायदा, असे समजू नये. उद्यमनगरातील कारखानदार आणि गांधीनगरातील कापडाचा घाऊक व्यापारीही त्यात सहज येतो. तेथे कैफियत द्यायला समन्स मिळाल्यापासून फार तर 120 दिवस, त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. अपिलाला 60 दिवस, आणि बोर्से ब्रदर्स निकालाने सांगितले की त्यापुढे माफी मिळाली तर ती थोड्या दिवसांची आणि अपवाद म्हणूनच. लवाद निवाडा रद्द करून घेण्याच्या अर्जाला तीन महिने आणि वर फार तर 30 दिवस आहेत. एकतिसाव्या दिवशी कोर्टाच्या हातातही काही उरत नाही.

तसेच कलम 5 ची माफी अपिलाला आणि अर्जाला आहे, मूळ दाव्याला नाही. उधारीच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावायचा तो लावायचा. त्या तीन वर्षांच्या आत ऋणकोने बाकीची लेखी कबुली सहीनिशी दिली तर तेथून नवी तीन वर्षे मिळतात. म्हणून सालाबाद बाकीच्या पत्रावर सही घेण्याची जुनी रीत सोडू नये.

मुंबई आता लांब राहिली नाही

कोल्हापूरकरांची एक जुनी सबब होती आणि ती खोटी नव्हती. हायकोर्टात अपील म्हणजे पावणेचारशे किलोमीटर. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास, तेथे वकील शोधणे, मुक्काम, आणि तारीख पुढे गेली की तोच खर्च पुन्हा. त्यामुळे कितीतरी लहान व्यापाऱ्यांनी जिल्हा न्यायालयात हरल्यावर दुसरे अपील केलेच नाही. काहींनी केले तेव्हा नव्वद दिवस उलटून गेले होते. येथील वकील आणि नागरिकांनी खंडपीठासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ मागणी लावून धरली ती याचसाठी.

17 ऑगस्ट 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर समोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली आहेत. बोर्से ब्रदर्सच्या खटल्यात उशीर नाकारणाऱ्या तीन न्यायमूर्तींपैकी श्री. गवई हे एक होते, ही नोंद येथे करून ठेवतो. लक्ष्मीपुरीतून रिक्षाने दहा मिनिटांत हायकोर्टात पोहोचता येत असताना 'मुंबईला जाणे जमले नाही' असे प्रतिज्ञापत्रात लिहायची सोय आता राहिलेली नाही. मुंबईत ज्यांची जुनी प्रकरणे होती त्यांनी ती इकडे वर्ग झाली काय, नवा नंबर काय पडला आणि येथे आपल्यातर्फे कोण उभे राहणार, याची चौकशी स्वतः करावी. नेमक्या अशा बदलाच्या काळातच प्रकरणे गैरहजेरीत निकाली निघतात.

घरातला मनुष्य गेल्यावर

अपील चालू असता पक्षकाराचे निधन झाले तर त्याचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात. न आणल्यास त्या मृत पक्षकारापुरते अपील आपोआप संपते. ते पुन्हा जिवंत करण्याच्या अर्जाला त्यापुढे 60 दिवस मिळतात, आणि तेही गेले तर पुन्हा विलंब माफीची वाट. मय्यतीनंतरच्या दिवसांत घरात कोर्टाची आठवण कोणाला राहत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण चाळीस दिवस झाल्यावर तरी घरातील कोणी मृत्यूचा दाखला घेऊन वकिलांकडे जावे.

आमच्या समाजात येथे एक चूक वारंवार होते. दुकान मुलगे चालवतात म्हणून फक्त मुलग्यांची नावे दिली जातात. शरियतप्रमाणे बेवा, मुली आणि हयात असल्यास आईवडीलही वारस असतात. मुली लग्न होऊन मिरजेला किंवा बेळगावला गेल्या म्हणून त्यांचा हिस्सा संपत नाही. त्यांची नावे सुटली की समोरचा पक्षकार तीन वर्षांनी हरकत काढतो आणि सगळे प्रकरण पुन्हा तारखांत अडकते. वारसांची पूर्ण यादी पत्त्यांसह पहिल्याच अर्जात द्यावी. समोरचा पक्षकार मयत झाला तरी हाच नियम आहे, आणि त्याच्या वारसांचा शोध घेणे अपील करणाऱ्याचे काम असते. बेवा किंवा मुलींना वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

जिंकणाऱ्यालाही मुदत आहे

आतापर्यंत हरणाऱ्याबद्दल लिहिले. हुकूमनामा हाती असलेल्या व्यापाऱ्यालाही 12 वर्षांची मुदत आहे. तेवढ्या काळात दरखास्त दाखल करून पैसे किंवा ताबा वसूल करण्याची कारवाई सुरू झाली पाहिजे. "कागद आपल्या बाजूचा आहे, जाईल कुठे" म्हणून कपाटात ठेवलेले हुकूमनामे आम्ही पाहिले आहेत. दरखास्तीला कलम 5 ची माफी लागू नाही. तेराव्या वर्षी कितीही खरे कारण सांगितले तरी तो हुकूमनामा बजावून घेता येत नाही.